पस्तीस मिनिटांचं कनेक्शन

मेश्रामकाकांच्या घरी शनिवारी सकाळी काय शिजणार, हे आफ्रिकेतली एक विमान कंपनी ठरवायची.

थट्टा नाही. न्यूयॉर्कजवळच्या पिस्कॅटवेत काका आमच्या बरोबर खालच्या अपार्टमेंटमध्ये राहायचे. शनिवारी आठाच्या ठोक्याला ते काही ना काही चौकशीचं निमित्त काढून कंपनीच्या आफ्रिकेतल्या ऑफिसला फोन लावत, स्पीकर चालू करत आणि फोन ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवून ठेवत. पलीकडचा माणूस ‘वन मोमेंट प्लीज’ म्हणून जो जायचा तो गेलाच. मग बासरीवरची एक धून सुरू व्हायची. ती दोन मिनिटं ऐकून काका अंदाज बांधत. “आज पोह्यांपुरता होल्ड दिसतो,” किंवा “संदीप, बस आरामात. आज लंबा मामला हाये, पाटोडीचा रस्साच टाकतो.” एकदा रस्सा झाला, जेवणं झाली, भांडीही घासून झाली आणि मग पलीकडून एक बाई म्हणाली, “हाउ मे आय हेल्प यू?” काकांनी आधी तिचं जेवण झालं का ते विचारलं.

कंपनीचं नाव सांगत नाही. बिचारी तेव्हाच शेवटच्या घटका मोजत होती. विमानं मोजून चार, त्यातलं एक कायम दुरुस्तीला. साल म्हणाल तर दोन हजार पाच. आम्ही आयटीवाले युरोपातून किंवा आखातातून इंडियाला जायचो, आणि जेवण थोडं थंड मिळालं तरी महिनाभर मित्रांना सांगायचो. काका मात्र दर डिसेंबरला नागपूरला निघत ते याच कंपनीनं. ते काउंटी कॉलेजात गणित शिकवायचे. त्याआधी, तरुणपणी, सात-आठ वर्षं त्याच आफ्रिकी देशात शाळामास्तर होते. त्या वर्षांबद्दल ते फारसं बोलत नसत. मंगलाकाकू तर अजिबातच नाही. शनिवारी फोन लागला रे लागला की त्या कपड्यांची बास्केट उचलून लॉन्ड्री रूमला जात. धुवायला कपडे नसले तरी जात.

या कंपनीनं काकांना काय काय दिलं म्हणून सांगू! एकदा त्यांची बॅग चार महिन्यांनी आली, आणि उघडली तर आत कुणाची तरी सुकी मासळी. एकदा त्यांच्या सीटवर आधीच एक गृहस्थ बसलेले, बोर्डिंग पासवर नंबर दोघांचाही तोच. एअर होस्टेसनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि “तुम्ही आपसात ठरवा” म्हणून निघून गेली. एकदा जेवणाच्या ट्रॉलीवाल्यानं विचारलं, “चिकन की फिश?” काका म्हणाले चिकन. तो म्हणाला, “संपलं.” बरं, फिश? “तेही संपलं.” मग विचारलंस कशाला, असं कुणीही म्हटलं असतं. काका म्हणाले, “थँक यू फॉर आस्किंग.”

मी पुण्याचा. चहात साखर कमी पडली तर मॅनेजरला बोलवा म्हणणारा. हे किस्से ऐकून माझंच रक्त तापायचं. “काका, यांच्यावर केस ठोका!” मी ओरडायचो. काका शांतपणे कोथिंबीर चिरत म्हणायचे, “शिकून राहिले ना बे ते. होतील पास.” हे त्यांचं पालुपद होतं. प्रत्येक प्रवासानंतर ते कंपनीला शंभरापैकी मार्क देत आणि शेरा लिहून पोस्टानं पाठवत. कधी एकतीस, कधी अठ्ठावीस. “लगेज हा विषय कच्चा आहे, पण वर्तणूक प्रेमळ.” एवढा संयम मी माणसात पाहिलेला नव्हता. खरं सांगतो, मला त्यांचं भयंकर अप्रूप वाटायचं.

दोन गोष्टी मात्र मला तेव्हा उमगल्या नव्हत्या. एक म्हणजे, लागोपाठ दोन वर्षं त्यांचं विमान अगदी वेळेवर गेलं. मी पेढा मागायला खाली गेलो तर काका सोफ्यावर कोपऱ्यात बसलेले. “वेळेवर पोचवलं बावा,” ते म्हणाले. कुणाच्या मयताची बातमी सांगावी तशा आवाजात.

दुसरी गोष्ट त्यांच्या कनेक्शनची. आफ्रिकेत विमान बदलायला ते नेमकी पस्तीस मिनिटं मागून घेत. ज्या कंपनीला दरवाजा लावायलाच पस्तीस मिनिटं लागतात, तिच्याकडून! तासन्‌तास गॅप असलेली तिकिटं मिळत असताना! आणि हा माणूस गणिताचा.

तर त्या डिसेंबरात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. रविवारी, पुण्यात. वडील गेल्यापासून तिचं सगळं मीच केलं होतं, कन्यादानही मी आणि बायकोनं करायचं होतं. बायको मुलांना घेऊन महिनाभर आधीच गेलेली. माझी रजा प्रोजेक्टच्या पायी अडकली ती आदल्या आठवड्यात सुटली, आणि तोवर सगळ्या विमानांच्या सगळ्या सीट्स गेलेल्या. जागा उरली होती ती फक्त काकांच्या कंपनीत, काकांच्याच फ्लाइटवर.

“तुझ्यासाठी नाही रे ही कंपनी,” काका पहिल्यांदाच अस्वस्थ झालेले दिसले. “तुला वेळेवर पोचायचंय.”

“तुम्हाला नाही का पोचायचं?”

ते नुसते चष्मा पुसत बसले.

गुरुवारी सकाळी निघताना काकूंनी काकांच्या हँडबॅगेत चिवड्याचा डबा ठेवला आणि पांढऱ्या रुमालात बांधलेलं काहीतरी. न्यूयॉर्कला सिक्युरिटीवाल्यानं गाठ सोडली तर आत दोन मेणबत्त्या. विमानतळांवर बूट काढायला लावायचे ते दिवस. तो मेणबत्त्यांना वरून, खालून, वातीकडून निरखायला लागला.

“तिकडे लाइट जातात,” काका इंग्रजीत म्हणाले. “माझी मिसेस दर वर्षी देते. अंधारात कोणाला ठेवू नये म्हणते.”

त्यानं मेणबत्त्या परत दिल्या. काकांनी त्या पुन्हा त्याच घड्या घालून बांधल्या.

अकराचं विमान. बोर्डावर दोन झाले, मग पाच झाले, मग आमची ओळच बोर्डावरून गायब झाली. गेटवर दोनशे माणसं आणि काउंटरवर ग्रेस नावाच्या एकट्या बाई. चाळिशीच्या, त्याच देशाच्या. लोक त्यांच्यावर ओरडत होते, आणि सगळ्यात पुढे मी होतो. “माझ्या बहिणीचं लग्न आहे! तुम्हाला लाज कशी वाटत नाही?” असलं बरंच काही मी बोललो. ग्रेसबाई ‘सॉरी सर’पलीकडे काही बोलल्या नाहीत. त्यांना बसायला साधी खुर्चीही नव्हती, ते मला दिसलं, तरीही मी बोलतच राहिलो.

काकांनी माझा दंड धरून मला बाजूला केलं. “काहून ओरडून राहिला बे? सकाळपासून उभी हाये ती.” त्यांनी कुठून तरी खुर्ची ओढून आणली, बाईंना बसवलं आणि चिवड्याचा डबा उघडून पुढे धरला. “खा बाई आधी.” रांगेतल्या मंडळींनाही एकेक मूठ वाटली. मघाशी केस ठोकायची भाषा करणारा एक धिप्पाड माणूस दाणे वेचून खायला लागला. गडबड जागच्या जागी विरली. मी तोंड उघडं टाकून पाहत राहिलो. ग्रेसबाई त्यांना ‘टीचर’ म्हणत होत्या. मला वाटलं, लाडाचं नाव असेल.

खरी बातमी तीन वाजता आली. विमान संध्याकाळी सुटणार, म्हणजे मुंबईचं पुढचं विमान चुकणार, आणि त्यानंतरचं थेट सोमवारी. तीन दिवस कंपनी तिथल्या हॉटेलात ठेवणार. सोमवार! मी खालीच बसलो. मांडवात बहिणीशेजारी रिकामा पाट दिसायला लागला. बायकोला फोन करून काय सांगावं ते सुचेना.

तेवढ्यात ग्रेसबाई काकांजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “टीचर, युरोपवरून जाणाऱ्या सहाच्या विमानात एक सीट मिळाली आहे. मॅनेजरनं तुमच्या नावानं पाठवली. इतकी वर्षं आमच्याबरोबर उडणारे तुम्ही एकटेच.”

“याला द्या,” काका म्हणाले. श्वास घ्यायलाही थांबले नाहीत.

मला रडूच फुटलं. सरळ त्यांच्या पायांवर वाकलो. “पायाबिया पडू नको बे,” ते मागे सरकले, “सीट जाईल. पोरीला माझा आशीर्वाद सांग. पळ!”

ग्रेसबाई मला दुसऱ्या टर्मिनलला पोचवायला निघाल्या. वाटेत मी त्यांची माफी मागितली, आणि म्हणालो, “काकांनी केवढा मोठा त्याग केला.”

“त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका,” त्या चालता चालता म्हणाल्या. “पस्तीस मिनिटांचं कनेक्शन टीचर माझ्याकडूनच मागून घेतात. ते एरवी कधीच मिळत नाही. मग कंपनी त्यांना शहरात उतरवते. गेली दोन वर्षं विमान वेळेवर गेलं, त्यांना उतरताच आलं नाही.”

मला काही कळेना. “पण उतरायचं कशाला?”

“त्यांचा मुलगा आहे तिथं.”

काकांना मुलगा असल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. नोकरीला असेल, बापाशी पटत नसेल. “केवढा आहे?” मी विचारलं.

“चार वर्षांचा.”

माझी पावलं थांबली.

“मी तेव्हा दुसरीत होते. टीचर आम्हाला गणित शिकवायचे,” ग्रेसबाई म्हणाल्या. “तापानं गेला. तुमच्यात लहान मुलांना पुरतात ना? आमच्या शाळेमागेच आहे तो. त्यानंतर मॅडमनी त्या गावाचं नाव घेतलं नाही. मी तिथं जातो, असं टीचर त्यांना सांगू शकत नाहीत. म्हणून विमान चुकवावं लागतं.”

मी मागे वळून पाहिलं. लांबवर गेटापाशी दोनशे वैतागलेली माणसं होती आणि त्यांच्यात काका रिकामा डबा रुमालानं पुसत, होल्डवरची ती धून गुणगुणत उभे होते. मला त्यांचा इतका हेवा आणि इतकी माया एकदम कधीच वाटली नव्हती.

मी शनिवारी पहाटे मुंबईला उतरलो. लग्न झालं, कन्यादान झालं.

जानेवारीत परतल्यावर पहिल्या शनिवारी लाडवांचा डबा घेऊन मी खाली गेलो. काकांचा तोफखाना चालू होता. “तीन दिवस रखडवलं, मंगला! काय भिकार कंपनी! शंभरात शून्य देतो यावेळी!” असे संतापलेले काका मी पहिल्यांदाच पाहत होतो. नाटक इतकं वाईट करत होते की मला खाली मान घालावी लागली.

काकू कणीक मळत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “लाइट गेले होते का जी तिथं?”

“गेले ना. तिन्ही दिवस.”

“मेणबत्त्या पुरल्या?”

“दोनच होत्या. पुरवून पुरवून लावल्या.”

काकूंचे हात थांबले. कणकेकडे पाहतच त्या म्हणाल्या, “पुढच्या खेपेला तीन देते बांधून. एक माझ्या नावानं लावा.”

मी लाडवांचा डबा ओट्यावर ठेवला आणि निघायला लागलो, तर काकांनी हातानंच मला बस म्हणून खुणावलं. आठ वाजले होते. त्यांनी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला. मी सवयीनं कपड्यांच्या बास्केटकडे पाहिलं. ती दाराशी होती तिथंच राहिली. काकूंनी हात धुतले, खुर्ची ओढली आणि फोनच्या जवळ बसल्या.

‘वन मोमेंट प्लीज’ म्हणून पलीकडचा माणूस गेला. आज तो होल्डचं बटण दाबायला विसरला असावा, कारण धून लागली नाही. रिसीव्हर टेबलावर तसाच पडलेला, आणि तिथल्या उघड्या खिडकीतून रस्ता ऐकू यायला लागला. बसचा हॉर्न, कुठेतरी एक कोंबडा, आणि मग शाळा सुटल्यासारखा पोरांचा गलका.

“ऐक,” काका म्हणाले.

काकू ऐकत होत्या.