मासिक अहवाल

नरखेडच्या पुढे, संत्र्याच्या बागांमधल्या एका उच्च प्राथमिक शाळेला जुलैमध्ये वरिष्ठ कार्यालयाकडून एक खोकं आणि एक परिपत्रक प्राप्त झालं. खोक्यात सॅनिटरी पॅड होते. परिपत्रकाचा विषय होता ‘किशोरवयीन मुलींचे मासिक पाळी स्वच्छता व्यवस्थापन’, आणि ते परिपाठाच्या वेळी सर्वांसमक्ष वाचून दाखवण्याचा आदेश होता.

मुख्याध्यापक रुपराव कोरडे यांनी सव्वीस वर्षांच्या सेवेत एकही आदेश मोडला नव्हता. ते उभे राहिले, चष्मा लावला, ‘मासिक’ इथपर्यंत खणखणीत वाचलं आणि थांबले. अखेर ‘मासिक अहवाल’ असं म्हणून ते घाम पुसत खाली बसले.

चारुशीला पराते या शाळेतल्या एकमेव शिक्षिका, सातवीच्या. खोकं माझ्याकडे द्या, मुलींना मी समजावून सांगते, अशी विनंती त्यांनी केली. सरांनी ती फेटाळली. वस्तू शासकीय असल्याने मुख्याध्यापकांच्या कपाटातच राहील. जिला गरज पडेल तिने ऑफिसात यावं आणि स्पष्ट शब्दांत, परंतु तो शब्द न उच्चारता, मागणी करावी. पर्यायी शब्दही त्यांनीच मंजूर केला: मासिक अहवाल.

पहिली गेली प्रणाली. ऑफिसात शाळा समितीचे पाच पुरुष सदस्य चहा पीत बसले होते. तिने मान खाली घालून सांगितलं, की सर, माझा मासिक अहवाल आला. सातवीतली पोर अहवाल लिहिते हे ऐकून अध्यक्षांचा ऊर भरून आला. तो इथेच मोठ्याने वाचून दाखव, असा त्यांनी आग्रह धरला.

प्रणाली जी घरी पळाली, ती आठवडाभर आलीच नाही. मग आणखी दोघी यायच्या बंद झाल्या. चारुशीला मॅडम स्कूटीवरून प्रणालीच्या घरी गेल्या, तेव्हा ती दाराआड उभी राहिली आणि वर्गात काय शिकवून झालं एवढंच विचारलं. वर्गात अपूर्णांक शिकवून झाले होते. पोरीचा सगळ्यात आवडता धडा. परतताना मॅडमना स्वतःचाच राग आला. विनंती करून आपण गप्प का बसलो?

सप्टेंबरात केंद्रप्रमुख ताराचंद साहेब तपासणीला आले. भर वर्गात त्यांनी मुख्याध्यापकांना झापलं, की तीन महिने झाले, तुमचा मासिक अहवाल आलेला नाही. मुलींनी दप्तरात तोंडं लपवली. रुपराव लालबुंद झाले. खिचडी शिजवणाऱ्या जनाबाई दारात उभ्या होत्या, त्यांना दया आली.

“साहेब, सरायले काहून रागावून राहिले? बाप्या माणसाले तो कुठून येईन?”

साहेबांनी हे गंभीरपणे टिपून घेतलं. ‘पुरुष मुख्याध्यापकांस अहवाल येत नाही’ ही बाब वर कळवण्यात आली. वरून सर्व शाळांना तातडीचा खुलासा मागवला गेला. आठवडाभरात बावन्न पुरुष मुख्याध्यापकांनी सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं, की माझा मासिक अहवाल दरमहा नियमित येतो. दोघांनी तर वेळेआधीच येतो असं नमूद केलं. रुपरावांनी तर आपला खुलासा कारकुनाकडून टाईप करून घेतला.

ती प्रत पाहिल्यावर चारुशीला मॅडम हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी परिपाठाला त्यांनी माईक घेतला आणि मूळ परिपत्रक पहिल्या ओळीपासून वाचलं. ‘पाळी’ हा शब्द अकरा वेळा आला. आभाळ जागच्या जागी राहिलं. पोरांनी मैदानात शिरलेली एक बकरी हाकलली. मॅडमनी कपाटाच्या किल्लीसाठी हात पुढे केला. ध्वजस्तंभाकडे पाहत रुपरावांनी ती दिली.

सोमवारी प्रणाली आली.

मग मॅडमनी सातवीच्या मुलामुलींना गृहपाठ दिला: वडिलांना मेडिकलमधून पॅडचा पुडा न झाकता, हातात धरून घरी आणायला सांगा. एकतीस घरांपैकी तीस वडिलांना त्या संध्याकाळी शेतात अचानक काम निघालं. एकतिसावे, गावात सुधारक म्हणून प्रसिद्ध, पुडा घेऊन आले. पुडा वर्तमानपत्रात होता, वर्तमानपत्र काळ्या पिशवीत, पिशवी हेल्मेटमध्ये, आणि हेल्मेट डोक्यावर.

आपण हसलात, बरं वाटलं. आता हीच गोष्ट आज घरात सासरे, मुलगी, जावई सगळे बसलेले असताना मोठ्याने वाचा, आणि आपल्याला नेमका कुठल्या शब्दाला खोकला येतो ते बघा.