साहेबांची गोलाई

साहेब कुठल्याशा कार्यशाळेहून परतले ते डोक्यात गोलाई घेऊनच. आल्या आल्या त्यांनी डिझायनरला बोलावलं.

"आपल्या रजेच्या पोर्टलवर कोपरेच कोपरे आहेत. बोचतात डोळ्यांना. सगळं गोल करा."

बिचारीने बटणांचे कोपरे गोल केले. साहेब म्हणाले, "अजून." तिने अजून केले. "अजून! लाडवासारखं दिसलं पाहिजे. आणि तो लाल रंगही खुपतो. सरसकट निळं करा."

"साहेब, अर्जाच्या निकालाची पट्टी मोबाइलवर एवढीशी असते. जास्त गोल केली तर कडेची अक्षरं कापली जातील. पट्टी थोडी रुंद करू?"

"पट्टी तेवढीच! अक्षरांचं अक्षरं बघून घेतील."

"निदान तपासायला एक दिवस तरी..."

"त्यात तपासायचं काय? चेंडू तपासून बघता का तुम्ही, गोल आहे की नाही ते?"

तिने सगळं गोल आणि निळं करून टाकलं. बहिणीचं बाळंतपण तोंडावर आलं होतं, आणि तिचा रजेचा अर्ज साहेबांपुढेच पडून होता. अशा वेळी भूमितीवर वाद कोण घालणार?

शुक्रवारी साहेबांनी सगळ्यांचे अर्ज एका दमात निकालात काढले. संध्याकाळी फोन टुणटुणले. निळ्या गोलसर पट्टीत शब्द होता, 'मंजूर'. हिशेबनीस काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "कार्यशाळेत माणूस सुधारतो म्हणायचा!" असं म्हणत त्यांनी छत्री उचलली.

सोमवारी डिझायनर बहिणीच्या घरी भाजी चिरत होती. तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"ऑफिसात चिटपाखरू नाही! आहात कुठे सगळे?"

"रजेवर. तुम्हीच मंजूर केलीत ना?"

"मी? एकूण एक नामंजूर केल्यात!"

तिने पोर्टल उघडलं, पट्टीची गोलाई क्षणभर काढून बघितली आणि सुरी खाली ठेवली. "साहेब, सुरुवातीचा 'ना' गोलाईत गेला."

"गेला म्हणजे? आणा परत! ताबडतोब सगळं चौकोनी करा!" फोन आपटला गेला.

ती लॅपटॉप उघडून बसली खरी, पण हात चालेना. आता बहिणीला काय सांगायचं? तिने कसाबसा पहिला कोपरा टोकदार केला, तोच फोन पुन्हा वाजला.

"थांबा," साहेबांचा आवाज लोण्यासारखा झाला होता. "काही बदललंत तर नाही ना? आत्ता कंपनीच्या मालकीणबाई येऊन गेल्या. लोकांनी त्यांना आभाराचे निरोप पाठवलेत. म्हणाल्या, 'तुम्हाला माणसांची कदर आहे, हे आज कळलं.' आता मी 'नाही' कसं म्हणू?"

"मग माझी रजा?"

"घ्या की! आणि ती पट्टी तशीच राहू द्या." साहेब थोडे घुटमळले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझाही एक अर्ज आहे हो. मालकीणबाईंनी तो लेखी नाकारलाय, कागदावर. कागदाला गोलाई देता येते का?"