आत्यासाहेबांस पडसे झाले त्याची हकीकत

श्री धन्वंतरी प्रसन्न. लिहिणाराचा हात स्थिर असो, वाचणाराची नाडी शांत असो. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे एका राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे जे, महाराजांच्या आत्या गोजराबाईसाहेब, ज्यांची चाहूल लागताच कारभारी पागोटी सावरीत, त्यांस विपरीत दुखणे जडले. परका शत्रू कोणी नव्हता. अंगातली जी फौज रोगराईस मारावयाची तीच घरच्यांवर उलटली. रक्तात तीर घडविणारे कारागीर असतात, त्यांनी बाईंच्याच सांध्यांवर आणि कातडीवर तीर सोडिले आणि मग मूत्रपिंडांस वेढा घातला. नेहमीच्या औषधांनी तीर थोडे बोथट होत आणि मुख सुजे, परंतु वेढा उठेना. आणि साधे पडसे जरी झाले तरी कारागीर चवताळून दुप्पट मारा करीत. मग राजवैद्य निळोपंत, ज्यांस घाई हा पदार्थ ठाऊक नाही, अर्ज करिते जाहले की, "आत्यासाहेब, आपल्याच रक्तातले थोडे शिपाई काढून कारखान्यात नेतो, त्यांस कारागिरांचा बिल्ला ओळखावयास शिकवितो, आणि त्यांची संख्या वाढवून परत अंगात सोडितो. ते सगळे कारागीर कापून काढतील." बाई म्हणाल्या, "सगळे? त्यात काही निरपराधी असतील की." "असतील. पण बिल्ला सर्वांचा एकच, निवड करिता येत नाही." "आणि मग माझी राखण कोण करणार?" "काही महिने कोणी नाही म्हटले तरी चालेल. पुढे हाडांच्या मगजातून नवे कारागीर जन्मतील. ते शहाणे निघाले तर जिंकलो. जुन्यांच्या वळणावर गेले तर मूत्रपिंडे हातची जातील. या राज्यात हे अजून कोणावर केले नाही, सबब खात्री देत नाही." दिवाण सखोपंत मध्येच बोलिले, "वैद्यबोवा, खात्री नाही तर दरबारात आणिता कशास?" तेव्हा बाई हसोन म्हणाल्या, "सखोपंत, तुमच्या खात्र्या ऐकून माझे केस पिकले. हा गृहस्थ नाही ते नाही म्हणतो. काढा रक्त!"

मग कार्तिकमासी नवशिके शिपाई तयार जाहले, आणि अंगात त्यांस जागा व्हावी म्हणोन आधी कडक औषध दिधले, आणि मग एका पिशवीतून त्यांस आत सोडिले. निशाणे आणि नगारे पाहावयास जमलेले मानकरी वाटीभर पाणी पाहोन हिरमुसले. पुढे ताप कडाडला आणि बाई बरळू लागल्या, आणि महाराजांस "कोण रे तू?" ऐसे पुसत्या जाहल्या. दिवाण ओरडले, "मारिलीत हो आत्यासाहेबांस!" निळोपंत म्हणाले, "आत लढाई जुंपली आहे, तिची ही धग. विझवावयाचे औषध हाताशी आहे." ऐसे म्हणोन औषध दिधले आणि उशाशी बसोन राहिले, आणि ताप उतरला. रक्त तपासिले तो एकही कारागीर औषधालाही सापडेना. दिवाणांनी तत्काळ तोफा डागिल्या. निळोपंत चिडोन म्हणाले, "चौकी ओस पडली म्हणजे राज्य सुखी झाले काय? नवे येऊन कसे वागतात ते पाहू, मग करा काय तो दणदणाट." मग अंगात राखण नाही म्हणोन बाईंकडे जाणे-येणे बंद जाहले, आणि महाराज खिडकीबाहेरोन बोलत आणि बाई आतोन सर्वांचा उद्धार करीत.

चैत्रमासी नवे कारागीर दिसो लागले आणि निळोपंतांचे जेवण सुटले. त्यातच दिवाणांस शिंका येत होत्या. परंतु आपणावाचून मुजरा कैसा होईल, या अभिमानाने त्यांनी शेल्यात नाक दाबोन आत प्रवेश केला, आणि मुजऱ्यास वाकताच बाईंसमोर सणसणीत शिंकले. तिसरे दिवशी बाईंचे नाक वाहू लागले. आता वेढा पडतो की काय, म्हणोन वाड्यात चूल पेटली नाही. निळोपंत नित्य प्रातःकाळी मूत्रपिंडांसाठी लघवी तपाशीत आणि सांधे धरले की काय ते पाहावयास बाईंस म्हणत, "मूठ मिटा." बाई मूठ मिटून त्यांचे नाकापुढे धरीत. ऐसे करिता नव्या कारागिरांनी तीर घडविले ते पडशावरच सोडिले, आणि घरच्या कोणासही खरचटले नाही. मग निळोपंत दरबारात उभे राहिले आणि बोलिले, "महाराज, आत्यासाहेबांस पडसे झाले. निव्वळ पडसे!" महाराजांनी भर दरबारात वैद्यास मिठी मारिली आणि साखर वाटिली. दिवाण बाईंचे पायांवर पडोन रडू लागले की, "अपराध माझा, ते पडसे मीच आणिले." बाई नाक पुसोन म्हणाल्या, "उठा सखोपंत. इतक्या वर्षांत तुमच्या हातून राज्याचे हे पहिलेच काम झाले."

तात्पर्य, महाराजांनी औषधाची राज्यभर द्वाही फिरवू म्हटले, त्यास निळोपंतांनी हात जोडोन नकार दिधला, की एकीस गुण आला, आणखी रोग्यांवर पाहिल्यावाचून औषध म्हणवणार नाही. धाडस बाईंचे, धीर वैद्याचा आणि शिंक दिवाणांची, ऐसे तिघांनी मिळोन हे कार्य तडीस नेले. इति.