भर मे महिन्यात गोठलेलं खोबरेल

यंदा भर मे महिन्यात आमच्या वेंगुर्ल्याच्या घरातलं खोबरेल गोठलं, ते डॉक्टर तिरोडकरांच्या निषेधार्थ. थंडीत गोठणं वेगळं. ते सगळ्याच घरांत होतं आणि उन्हात ठेवलं की सुटतं. हे उन्हात ठेवलं तर जास्तच घट्ट झालं.

झालं होतं असं, की अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कोलेस्टेरॉल वाढलं आणि डॉक्टरांनी जेवणातलं खोबरेल बंद केलं. अण्णा दुपारच्या पेजेवर चमचाभर कच्चं खोबरेल घेत. बरणी आईच्या हातची. जाण्याआधी तिने अंगणात खोबरं वाळवून घाण्यावर नेलं होतं, त्या तेलाची ही शेवटची बरणी. अण्णा पथ्य पाळायला तयार होते. पण तेल वापरलं नाही तर खवट होणार आणि आईच्या हातचं शेवटचं वाया जाणार, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. माझ्याही नाही. खरं सांगते, त्या पेजेचा वास आला की आई स्वयंपाकघरात आहे असंच मला अजून वाटे.

शेवटी डॉक्टरांनाच घरी बोलावलं. पडवीत एका खुर्चीवर ते बसले, समोरच्या खुर्चीवर बरणी ठेवली. चहा दोघांनाही विचारला. डॉक्टरांनी घेतला.

"माझो गुन्हो काय, ता सांगा," खोबरेल म्हणालं.

"गुन्हा नाही," डॉक्टर म्हणाले. "पण तुमच्यात संपृक्त चरबी फार. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल तुमच्यामुळे वाढतं."

"चांगला पण वाढता मां?"

"वाढतं थोडं. पण त्याने हृदयाचं भलं होतं, असा पुरावा नाही."

खोबरेल उगाच वाद घालणाऱ्यांतलं नव्हतं. हल्ली मोबाईलवर लोक त्याला साऱ्या रोगांवरचा उतारा म्हणून मिरवतात, त्याची त्यालाच लाज वाटत असावी.

"हृदयाचा माका म्हायत नाय," ते म्हणालं. "मी कातडेचो नि केसांचो माणूस. ह्या घरातल्या पोरांची टाळू मीच भरलंय. अण्णांची पण."

"त्याला माझी हरकत नाही. कोरड्या त्वचेला तुम्ही उत्तम. फक्त मुरमं असतील त्या चेहऱ्यावर जाऊ नका."

"अण्णांका ह्या वयात मुरमां?"

मला हसू आलं. डॉक्टरांना आलं नाही. "मग डोक्याला लावा," ते म्हणाले.

अण्णांनी डोक्यावरून हात फिरवला. "माझ्या डोकीर केस खय आसत?"

"टाळू आसा मां?" खोबरेल म्हणालं.

दर रविवारी आई अण्णांना याच पडवीत पुढ्यात बसवायची. केस होते तेव्हाही आणि गेल्यावरही. "केसांक नाय, डोक्याक लायतंय," म्हणायची. ती गेल्यापासून त्या डोक्याला कोणाचा हात लागला नव्हता. बापाच्या डोक्याला मुलीने कसा हात लावायचा, म्हणून माझाही नाही.

मी चमच्याने टोकरून एक गोळा काढला. उन्हाला न जुमानणारं खोबरेल तळहातावर लगेच सुटलं. आई थापटायची तसं मी ते टाळूवर जिरवू लागले. अण्णांनी डोळे मिटले.

"जरा जोरान, शेवंते," ते म्हणाले.

शेवंती माझं नाव नाही, आईचं होतं. मी जोराने थापटलं.

तेल जरा जास्तच झालं. एक ओघळ कपाळावरून निघाला, नाकाच्या कडेने उतरला आणि ओठाशी येऊन थांबला. अण्णांनी डोळे न उघडताच जीभ फिरवली.

मी बरणीकडे पाहिलं. आतलं सगळं तेल सुटलं होतं.

"उतार आसा, मी काय करू?" ते म्हणालं.

डॉक्टर अंगणातल्या माडाकडे बघत होते. "यंदा नारळ बरे लागलेत," ते म्हणाले, आणि त्यांनी उरलेला चहा संपवला.