गरम पाण्याचं कपाट

फर्गस टलॉकचं रसायन सहा दिवस झाले तरी हूं की चूं करत नव्हतं. पंचवीस लिटरचं प्लास्टिकचं पिंप, सहा किलो साखर, पाणी, यीस्ट, सगळं बेतशीर घातलेलं. पण दक्षिण गोलार्धातल्या गोर गावातला जुलै महिना म्हणजे ऐन हिवाळा, मागच्या शेडमध्ये बादलीतल्या पाण्यावर सकाळी बर्फाची पापडी धरायची, तिथे यीस्ट तरी कशाला अंग हलवेल? शाळेची बस चालवून निवृत्त झाल्यापासून फर्गसला घरी दारू गाळायचा एवढा एकच नाद होता. स्वतःपुरती गाळायला तिकडे सरकारची हरकत नव्हती; असलीच तर बायकोची, नोलीनची होती. त्याच्या मागच्या जिनचा तिने एक घोट घेतला आणि उरलेल्या बाटलीने खिडकीच्या चौकटीवरचा जुना रंग काढला. सप्टेंबरात तिची सत्तरी होती. त्या दिवशी तिला आपणहून दुसरा घोट मागायला लावायचा, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

घरात उबदार जागा एकच, गरम पाण्याचं कपाट. खाली पाण्याची टाकी, वर फळ्या आणि फळ्यांवर नोलीनच्या चादरी, टॉवेल, पलंगपोस, सगळं इस्त्रीच्या घडीत. ते कपाट म्हणजे तिचं संस्थानच होतं. शिवाय त्या आठवड्यात तिथे हँगरवर बाप्तिस्म्याचा झगा टांगला होता. तिच्या आजीने हाताने शिवलेला, पांढराशुभ्र, लेसचा. चार पिढ्या त्यात न्हाल्या होत्या आणि रविवारी नातीची, टेसची पाळी होती. झगा थोरलीच्या घरी असायला हवा, असं नोलीनची थोरली बहीण बेरिल तीस वर्षं म्हणत आली होती.

बुधवारी नोलीन तिलाच आणायला डनीडिनला निघाली. "कपाटाला हात लावायचा नाही," तिने दारातून बजावलं. "झग्यावर ठिपका जरी दिसला ना, तर बेरिल तो तिथल्या तिथे पिशवीत घालेल. आणि मी तिला कुठल्या तोंडाने अडवू?"

"मी कशाला हात लावतोय," फर्गस म्हणाला, आणि त्या क्षणी त्याला ते खरंच वाटत होतं.

दिवस तसा वाईटच सुरू झाला. न्याहारीला पावाला लावायला मार्माइट काढावं, तर बाटली खरवडून चाटूनपुसून रिकामी. त्या काळ्या खारट चिकट्याशिवाय त्याची सकाळ व्हायची नाही. नुसत्या लोण्यावर भागवून तो शेडमध्ये गेला, पिंप बघितलं, आणि त्याचं मन पाघळलं. एक दिवस ऊब दिली तर कोणाचं काय जातंय? शुक्रवारी ती यायच्या आत पिंप पुन्हा जागेवर. शेजारच्या टिओनेला हाक मारून दोघांनी ते उचललं आणि कपाटात टाकीला टेकवून ठेवलं. टिओने सगळी हयात मेंढ्यांची लोकर कातरत आलेला. त्याने झग्याकडे बघून फक्त भुवया उडवल्या.

गुरुवारी सकाळी फर्गसने कपाट उघडलं. यीस्ट कामाला लागलं की झाकणावरच्या नळीतून बुडबुड आवाज येतो. आत अंधार, म्हणून त्याने नळीला कान लावला. काही ऐकू येईना. येणार कसं? कानातलं यंत्र स्वयंपाकघरात चष्म्याशेजारी पडलं होतं. यीस्ट मेलं बिचारं, उपाशी मेलं, असं म्हणत त्याने झाकण काढलं आणि यीस्टच्या खाद्याची पांढरी पूड, डबीवर लिहिली होती त्याच्या तिप्पट, चमच्याने आत लोटली.

यीस्ट मेलं नव्हतं. ते रात्रभर राबत होतं आणि पिंप वायूने गच्च भरलं होतं. अशात कोरडी पूड पडली की काय होतं, हे फर्गसला डबीच्या मागच्या बाजूला वाचायला मिळालं असतं. फेसाचा खांब छताला लागला, तिथून चादरींवर, टॉवेलांवर, पलंगपोसावर उतरला आणि जाता जाता झग्याला गळ्यापासून घेरापर्यंत भिजवून गेला.

टिओने आला तेव्हा फर्गस झगा छातीशी धरून पॅसेजमध्ये उभा होता.

"साखरेचं पाणी ना रे तुझं?" टिओनेने झगा उजेडात धरला. "मग डाग तपकिरी कसे?"

"मला काय विचारतोस? मी सगळं पांढरंच घातलं होतं."

दोघांनी तीन वेळा साबण लावला, एकदा लिंबू चोळलं, एकदा बेकिंग सोडा. फेस गेला, वास पाव भाजल्यासारखा होता तो सौम्य झाला, पण छातीवरचे तपकिरी नकाशे काही हलेनात. फर्गस खुर्चीत बसला आणि बेरिलची पिशवी त्याला डोळ्यांसमोर दिसू लागली. नोलीनची मान त्या बाईपुढे आपल्यामुळे खाली जाणार, या विचाराने त्याला खरोखर रडू येत होतं.

"डाग जात नाही ना?" टिओने म्हणाला. "मग बाकीचा झगा डागाच्या रंगाचा करू. काळा चहा कर, लेका. भरपूर."

चहाचा आख्खा डबा मोठ्या पातेल्यात उकळला गेला. शुक्रवारी दुपारपर्यंत झगा शेगडीपुढे वाळला, कढईतून काढलेल्या सायीच्या रंगाचा. सगळीकडे एकसारखा. चादरी धुऊन घड्या झाल्या, झगा कपाटात हँगरवर गेला, पिंप थंडगार शेडमध्ये परत गेलं. संध्याकाळी नोलीन बेरिलला घेऊन आली, कपाट उघडून तिने झगा नीट बघितला आणि त्यावर कपडा टाकला. फर्गसचा त्या दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

रविवारी चर्चमध्ये टेस पाद्र्यांनी हातात घेईपर्यंत रडत होती. मग झग्याची बाही तिच्या तोंडात आली, आणि पाणी कपाळावर पडलं तरी तिने चोखणं थांबवलं नाही. नंतर बेरिलने लेस दोन बोटांत धरली, चष्मा वर केला, नाकाजवळ नेली. फर्गसने बाकाची कड घट्ट धरली.

"जुन्या सुताला हा रंग असाच चढतो," बेरिल सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मी असते तर ब्लीच घालून वाट लावली असती. सांभाळावा नोलीननेच."

हॉलमध्ये चहा आणि चीज रोल चालू झाले. नोलीनने फर्गसला पियानोमागे ओढलं.

"एक सांगायचंय. रागावू नकोस." ती बशीकडे बघत होती. "तुझ्या पिंपात मी मार्माइट घातलं. बुधवारी, निघायच्या आधी. तू सहा दिवस तोंड पाडून हिंडत होतास, मला बघवेना. लायब्ररीतल्या पुस्तकात होतं, यीस्टला ते खाद्य म्हणून चालतं. बाटली खरवडून गरम पाण्यात कालवून ओतलं. रसायन नासलं असेल, तर ते माझ्यामुळे."

फर्गसच्या डोक्यात तपकिरी डागांचा उलगडा झाला. गप्प राहिलं तर सगळं तिच्या माथी मारता येत होतं, आणि ती तो दोष मुकाट्याने घ्यायलाही तयार होती. पण घरातलं होतं नव्हतं तेवढं मार्माइट आपल्या पिंपाला घालणाऱ्या बाईशी त्याला तसं वागता येईना. त्याने कपाटापासून चहाच्या पातेल्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

नोलीनने शांतपणे घोट घेतला. "चहाचं मला शुक्रवारीच कळलं. डबा रिकामा, नवरा पांढराफटक आणि झगा पिवळा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर विषय पिंपावर गेला असता आणि मार्माइटचं सांगावं लागलं असतं."

तिकडे टेस अजून बाही चोखत होती आणि टिओने बेरिलला जुन्या लेसबद्दल काहीतरी गंभीरपणे समजावत होता.

"पिंप आता कुठंय?" नोलीनने विचारलं.

"शेडमध्ये."

"तिथे गारठून बसेल परत ते." तिने कप बशीत ठेवला. "घरी गेल्यावर आत आण. चादरी मी दुसरीकडे हलवते."