डबल बेल

पोट स्टिअरिंगला टेकलं, तेव्हा डेपोच्या डॉक्टरांनी बसड्रायव्हरला स्पष्टच सांगितलं, "महिनाभर पोहा. दम वाढला नाही तर गाडी विसरा. चौकशीच्या खिडकीत बसवीन."

ड्रायव्हरला हे कसं पटावं? घरी खुर्चीत बसतानाही मागचं दिसेल असा आरसा लावून बसणारा माणूस तो! त्याने खिडकीत बसून दुसऱ्यांच्या गाड्यांच्या वेळा सांगायच्या? दुसऱ्याच दिवशी तो तलावावर हजर झाला.

महिन्याभरात हातपाय हलू लागले, पण उथळ बाजूलाच. डॉक्टर स्वतःही इथेच पोहायचे, म्हणून तपासणी तलावावरच ठरली. त्या सकाळी बायको धीर द्यायला आली होती. कंडक्टरही आला होता, पण त्याच्या मनात निराळंच होतं. दर थांब्यावर ड्रायव्हरची बोलणी खाऊन तो विटला होता. हा एकदाचा खिडकीत गेला की आपण सुटलो, असा त्याचा साधा हिशेब.

जड वाहनाने डावीकडून जावं, या शिस्तीने ड्रायव्हर अगदी डावीकडच्या पट्ट्यात उतरला. तो पट्टा नेमका सराईतांचा. याचे हात दोन्ही बाजूंना असे पसरलेले, की पुढे जायची कुणाची टाप नाही. मागे रांग लागली आणि रांगेत पहिले खुद्द डॉक्टर.

जीवरक्षकाने 'बाहेर या' म्हणून दोनदा शिटी वाजवली. इथेच सगळं बिघडलं. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. जन्मभर ड्रायव्हरने दुसरं काही ऐकलंच नव्हतं. तो जोरात सुटला. भिंत आली, वळला, परत निघाला. जीवरक्षकाने पुन्हा दोनदा वाजवली. याने वेग आणखी वाढवला.

"अहो, थांबा की!" मागून डॉक्टर ओरडले.

ड्रायव्हरने लक्ष दिलं नाही. प्रवासी ओरडतातच. त्यांचं ऐकत बसलं तर गाडी डेपोबाहेर पडायची नाही.

"चेहरा काळानिळा पडलाय हो त्यांचा!" बायको कंडक्टरला म्हणाली. "भाऊजी, ते तुमच्याशिवाय कुणाचं ऐकायचे नाहीत. थांबवा त्यांना!"

कंडक्टरने जीवरक्षकाची शिटी हिसकावली आणि सवयीने एकदाच वाजवली. ड्रायव्हर थांबला. जिथे होता तिथेच, खोल पाण्याच्या मध्यावर, हातपाय बंद करून. खिशातली किल्ली पडावी तसा तो तळाशी गेला.

"भाऊजी, बुडाले ना ते!"

कंडक्टरने घाबरून डबल दिली. बुडबुडे आले, पाठोपाठ ड्रायव्हर आला आणि निघाला. कंडक्टर काठाने पळत राहिला. "येऊ दे, येऊ दे, अजून थोडं..." भिंत हाताला लागताच त्याने सिंगल दिली.

मागून डॉक्टर आले आणि शिडीला लोंबकळले. त्यांना धाप लागली होती.

"दम माझ्यापेक्षा जास्त आहे तुम्हाला," शेवटी ते म्हणाले. "चालवा गाडी. पण एक अट. निवृत्त होईपर्यंत कंडक्टर हाच."

ड्रायव्हरने निथळत्या अंगाने कंडक्टरला कडकडून मिठी मारली. आनंदाने ड्रायव्हरला हुंदकाच फुटला.

"अरे, तुझेसुद्धा डोळे भरले की!"

"पाणी उडालंय," कंडक्टर म्हणाला.