अकरा घड्याळं आणि एक रविवार

घड्याळांच्या बाबतीत माझा हात धरणारा अख्ख्या बाजारात कोणी नाही! बंद घड्याळ नुसतं कानाला लावून मी सांगतो, कुठलं चाक रुसलंय ते. आणि अशा घड्याळजीच्या नावावर उशिराच्या दोन नोंदी!

त्याचं असं झालं. मी आणि मुलीची आई आता वेगळे राहतो. आठ वर्षांची आमची चिमणी आईकडे, आणि कोर्टाच्या हुकमाप्रमाणे दर रविवारी दहा ते सहा माझ्याकडे. सहाला पोचवायची. उशीर झाला की आईनं वहीत लिहायचं, आणि तिसऱ्या नोंदीला माझे रविवार निम्मे!

म्हणून त्या रविवारी मी चंगच बांधला. घरातली अकराही घड्याळं सकाळी जातीनं लावली. मोबाईल मुद्दाम दुकानातच ठेवला. घड्याळजीनं मोबाईलवर वेळ बघायची म्हणजे आचाऱ्यानं बाहेरून डबा मागवायचा! आम्ही जेवलो, पत्ते खेळलो, दुपारी मी जरा लवंडलो. साडेपाचला निघालो आणि सहाला पाच कमी असताना तिच्या आईच्या दाराची बेल दाबली. वाटेत जरा अंधारून आलं होतं, पण ते मी ढगांच्या माथी मारलं.

दार उघडलं. आईच्या हातात वही!

"सात वाजत आले."

"सात? अजून सहा व्हायचेत! तुझं घड्याळ पुढे पळतंय."

"माझं घड्याळ ठीक आहे."

"ठीक? आण इकडे!"

खिशात स्क्रूड्रायव्हर असतोच. भिंतीवरचं चावीचं घड्याळ उतरवलं आणि उंबऱ्यातच उघडलं. स्प्रिंग टुणकन उडाली ती थेट समोरच्या काकूंच्या दारात. त्या बाहेर आल्या.

"काकू, किती वाजले हो?"

"सात."

"तुमचंही बिघडलंय! आणा, बघतो."

"अहो, बातम्या लागल्या सातच्या!"

"मग त्यांनी लवकर लावल्या!"

वरच्या मजल्यावरचे मास्तर जिन्यातूनच ओरडले, "सात!" माझी खात्री पटली, अख्ख्या इमारतीची घड्याळं नादुरुस्त आहेत. मी बाही सरसावून पुढचं घड्याळ मागितलं, तेवढ्यात चिमणीनं भोकाड पसरलं.

"बाबा, नको ना मोडूस! मीच केली तुझी मागे. एकेक तास. स्टुलावर चढून."

"अकराही?"

"हो."

"आणि माझ्या हातातलं?"

"तू घोरत होतास."

"पण का गं?"

"रविवार लवकर संपतो."

काकू हळूच आत गेल्या. मी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. काटे फिरवायला मीच शिकवलं होतं तिला, वर शाबासकीही दिली होती. आता निम्मे रविवार गेले म्हणून मी मान खाली घातली.

"खरं ते लिही," मी म्हणालो.

तिच्या आईनं लिहिलं: 'सात वाजता. आईच्या परवानगीने.'

मी आभार मानायला तोंड उघडलं, तर म्हणते, "पुढच्या रविवारपासून निघण्याआधी मला फोन करायचा. वेळ मी सांगीन."

तेव्हापासून दर रविवारी साडेपाचला मी तिला फोन करून विचारतो, "किती वाजले?" गिऱ्हाइकांच्या कानावर मात्र हे जाऊ देऊ नका हं!